ऊन नाही, उबदार पाणी नाही, तरी प्रवाळ! खोल समुद्रातल्या या भिंती बनतात कशा?

भूगोलाच्या_बाई | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी देवगड तालुक्यातल्या एका शाळेत आठवी-नववीला भूगोल शिकवते. गेल्या आठवड्यात सागरतळाच्या धड्यात प्रवाळांचा विषय निघाला. नेहमीप्रमाणे फळ्यावर अटी लिहिल्या: उथळ पाणी, भरपूर सूर्यप्रकाश, विसाच्या वर तापमान, पाणी गढूळ नको. बावीस वर्षं हेच लिहीत आले आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गातला एक मुलगा आईचा फोन घेऊन मला भेटायला आला. त्याचा मामा जहाजावर असतो, त्याने एक व्हिडिओ पाठवला होता. नॉर्वेचा समुद्र, तीनशे मीटर खोल, चोहीकडे काळोख. यंत्राचा दिवा पुढे सरकतो आणि समोर पांढरीशुभ्र, काटेरी झुडपांसारखी प्रवाळं दिसतात, नजर जाईल तिथवर. मुलगा एवढंच म्हणाला, "बाई, थंय ऊन खंय आसा?"

मी त्याला सांगितलं की शोधून सांगते. येत्या शुक्रवारी तास आहे. म्हणून विचारते:
उन्हाशिवाय हे प्रवाळ जगतात कशावर? एवढ्या मोठ्या भिंती तळावर उभ्या राहतात कशा? आणि आपल्या कोकणासमोर असं काही आहे का?

नुसती व्याख्या नको. मुलांच्या डोळ्यांसमोर उभं राहील असं कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

सागरगोटा | सोमवार, रात्री १०:२५

बाई, त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. मी गोव्यात राहतो. समुद्रतळाच्या सर्वेक्षणाच्या कामात बरीच वर्षं काढली. जमेल तसं सांगतो.

आधी एक दुरुस्ती. पाठ्यपुस्तकात 'प्रवाळकीटक' शब्द असतो, पण प्रवाळ हा कीटक नाही. तो जेलीफिश आणि समुद्रफूल यांच्या गोतावळ्यातला प्राणी आहे. एक तोंड, भोवती दंश करणाऱ्या शुंडकांचं कडं, आणि बुडाशी स्वतः तयार केलेली चुन्याची वाटी. या एका जिवाला पॉलिप म्हणतात.

उथळ पाण्यातल्या प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवालं राहतात. ती उन्हावर अन्न तयार करतात आणि यजमानाला देतात. तुम्ही फळ्यावर लिहिलेली उन्हाची अट खरी म्हणजे त्या शैवालांची अट आहे. खोल पाण्यातल्या प्रवाळांनी हा भाडेकरू ठेवलेलाच नाही. ते स्वतः शिकार करतात. पाण्यातून वाहत येणारे बारीक कवचधारी जीव, वरून झिरपत येणारे वनस्पतिप्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचे) मेलेले कण, जे सापडेल ते शुंडकांनी पकडतात. म्हणजे ऊन तिथे पोचत नसलं तरी उन्हावर वाढलेलं अन्न पोचतं, फक्त ते पडून किंवा वाहून यावं लागतं.

व्हिडिओतला बहुधा लोफेलिया पर्ट्युसा असणार. लिनियसने १७५८ मध्ये त्याची नोंद केली होती, वेगळ्या नावाने. हल्ली त्याला डेस्मोफायलम या प्रजातीत टाकलं आहे, पण जुने लोक अजून लोफेलियाच म्हणतात, मीही. त्याला ४ ते १२ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. आपल्या फ्रिजइतकं थंड!

त्याला तीन गोष्टी लागतात: बसायला कठीण जागा, अन्न आणणारा जोरदार प्रवाह, आणि चुना बांधता येईल असं पाणी. भिंत कशी चढते ते उद्या सविस्तर लिहितो. आत्ता डोळे मिटायला लागलेत.

चहाटपरी | सोमवार, रात्री ११:०२

उद्यापर्यंत थांबवणार? मी जागा आहे!

उत्तरेकडची_अवनी | मंगळवार, पहाटे २:१५

माझ्या घराजवळचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. मी नऊ वर्षं नॉर्वेत त्रॉन्हाइमला आहे. इथल्या फ्योर्डमध्ये, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या चिंचोळ्या खाडीत, ताउत्रा नावाच्या बेटाजवळ हे प्रवाळ अवघ्या ३९ मीटरवर सापडतात. जगात इतक्या उथळ पाण्यात हा लोफेलिया आणखी कुठे माहीत नाही, म्हणून पाणबुडे मुद्दाम तिथे येतात. फ्योर्डचं तोंड अरुंद, आत-बाहेर करणारं पाणी तिथून जोराने जातं, आणि खाली थंड, खारं पाणी टिकून राहतं. सागरगोटा म्हणतात तो प्रवाह आणि ती थंडी दोन्ही तिथे वर आलेली आहे.

इथल्या कोळ्यांना ही प्रवाळं शतकानुशतकं ठाऊक होती, गळाला तुकडे लागून यायचे. त्रॉन्हाइमचे बिशप गुन्नेरुस यांनी १७६८ मध्ये त्यांचं वर्णन छापलं. धर्मगुरू माणूस, पण कोळ्यांनी आणलेली प्रत्येक विचित्र वस्तू कुतूहलाने बघायचा. मला हे फार आवडतं.

पण आवाका कळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. लोफोटेन बेटांच्या नैऋत्येला रॉस्ट नावाची भिंत २००२ मध्ये सापडली, ३०० ते ४०० मीटर खोलीवर, सुमारे ३५ किलोमीटर लांब. देवगड ते मालवण सरळ रेषेत मोजा, जवळपास तेवढी होईल.

भूगोलाच्या_बाई | मंगळवार, सकाळी ७:१०

अवनी, देवगड ते मालवण! हे मी फळ्यावर काढणारच. मनापासून धन्यवाद.

तांडेलाचा_नातू | मंगळवार, सकाळी ८:३०

माझे आजोबा मालवणात तांडेल होते. पाण्याखालच्या खडकाळ जागेला ते 'खडप' म्हणायचे. पाण्याखाली कुठे खडप आहे, किती वावांवर आहे (एक वाव म्हणजे सहा फूट), सगळं तोंडपाठ. खडपावर जाळं टाकलं तर फाटायचं, पण खडपाच्या कडेला गळ टाकला तर मासा हमखास. तांबोशी, हेकरू. ते म्हणायचे, खडप म्हणजे माशांची वाडी.

नॉर्वेतही असंच आहे का? मासे तिथे जमतात?

उत्तरेकडची_अवनी | मंगळवार, सकाळी ११:५०

@तांडेलाचा_नातू, अगदी तसंच. लाल रंगाचा रेडफिश, ब्रॉस्मे, लांगे हे मासे या भिंतींभोवती घोटाळतात. इथले म्हातारे कोळीही भिंतीच्या कडेला गळ सोडत. तुमच्या आजोबांना इथल्या बोटीवर आणलं असतं तर भाषेवाचून अडलं नसतं. ईशान्य अटलांटिकातल्या या भिंतींवर तेराशेहून जास्त जातींचे जीव नोंदले गेले आहेत.

सागरगोटा | मंगळवार, दुपारी १:२०

आता भिंत कशी चढते ते.

नॉर्वेजवळ हिवाळ्याच्या शेवटी लोफेलिया अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतो. अळ्या काही आठवडे पाण्याबरोबर वाहतात. बहुतेक मरतात. एखादीला चिखलात बसून चालत नाही, तिला दगड, शिंपला, काहीतरी टणक हवं. नॉर्वेजवळ हा टणक तळ हिमयुगाने घालून दिला. हिमयुग सरताना प्रचंड हिमनग तळाला घासत गेले, नांगराच्या तासासारखे चर पडले, आणि चरांच्या दोन्ही काठांवर दगडगोट्यांचे बांध उभे राहिले. आज कित्येक भिंती बरोबर त्या बांधांवर आहेत. अवनीने सांगितलेली रॉस्ट तर समुद्राखालच्या एका अजस्र दरडीच्या कडेवर वाढली आहे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी तिथला उतार कोसळला आणि मोठमोठे खडक उघडे पडले. आपल्याकडे दरड कोसळली की रान उजाड होतं, तिथे प्रवाळांना जोतं मिळालं.

अळी बसली की पहिला पॉलिप होतो. त्याला फुटवा येतो, फुटव्याला फुटवा. वर्षाला अर्धा ते अडीच सेंटीमीटर फांदी वाढते. फांद्या एकमेकींना टेकल्या की जुळून जातात, त्यामुळे झुडूप भक्कम होतं. मीटरभर, दीड मीटर होईपर्यंत हे चालतं.

मग आतल्या बाजूला पाण्याचा ओघ कमी पडतो, तिथले पॉलिप उपाशी राहून मरतात. मोकळ्या सांगाड्यात भोकं पाडणारे स्पंज शिरतात आणि तो आतून पोखरतात. एक दिवस फांदी मोडून बाजूला पडते. या मोडण्याकडे नुकसान म्हणून बघू नका. पडलेला तुकडा म्हणजे नव्या अळीसाठी नवा दगड, आणि त्यावर एखादा पॉलिप जिवंत असेल तर तोच पुढे वाढतो. झुडूप असं मोडत मोडत बाजूला पसरतं.

या सगळ्या काट्याकुट्यांत पाणी मंदावतं. मंदावलं की त्यातला गाळ, माती, सूक्ष्म जिवांची कवचं खाली बसतात. सांगाड्याच्या पोकळ्या गाळाने भरतात, गाळ सांगाड्याला उभं धरतो, सांगाडा गाळाला वाहू देत नाही. आपण बंधाऱ्याला दगडांत माती भरतो तसंच. वरच्या टोकाला जिवंत प्रवाळ, खाली मेलेलं आणि त्याखाली गाळात पुरलेलं. तुम्ही व्हिडिओत पाहिलेली पांढरी झुडपं म्हणजे फक्त वरचा थर. खालचं सगळं पूर्वजांचं आहे.

एक हिशेब मुलांना करायला द्या. नॉर्वेजवळचीच सूला नावाची भिंत काही ठिकाणी ३५ मीटर उंच आहे आणि तिचं वय साडेआठ हजार वर्षांच्या आसपास धरतात. भागाकार केला तर वर्षाला ४ मिलिमीटर. फांदी त्याहून भराभर वाढते, पण मोडून, दबून, गाळात बसून भिंतीच्या हाती एवढंच लागतं.

चहाटपरी | मंगळवार, दुपारी १:४५

जागा राहिल्याचं चीज झालं. एक प्रश्न: भिंत उंच झाली की तिचा फायदा काय? उन्हाकडे तर जायचं नाही.

सागरगोटा | मंगळवार, दुपारी २:१०

सुंदर प्रश्न. अगदी तळाला घासून पाणी हळू वाहतं, आणि गाळही तिथे जास्त. जितकं वर, तितका ओघ जोराचा आणि ताटात अन्न जास्त. त्यामुळे एकदा उंची मिळाली की ती आणखी उंची मिळवून देते.

नॉर्वेच्या त्रेना भागातल्या भिंती बघा, बेडकाच्या पिल्लासारख्या आकाराच्या. डोकं प्रवाहाच्या तोंडाला, तिथे सगळे जिवंत प्रवाळ. मागे लांब शेपूट मेलेल्या सांगाड्यांचं. भिंत शतकानुशतकं पाण्याच्या उलट दिशेला, येणाऱ्या अन्नाच्या तोंडावर सरकत गेलेली असते. नकाशावर त्या शेकडो शेपट्या एकाच दिशेला वळलेल्या दिसतात. मी तो नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ बोललोच नाही.

ड्रिलबिट | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

थोडं वेगळं मत मांडतो. मी तेलक्षेत्रात आहे. आमच्याकडे असं शिकवलं होतं की या भिंती तळातून झिरपणाऱ्या वायूवर उभ्या राहतात. मिथेन वर येतो, त्यावर जिवाणू, जिवाणूंवर बाकीचं जग. नॉर्वेचे मार्टिन होवलांड यांनी हे बराच काळ मांडलं आहे. कित्येक भिंती वायूसाठ्यांजवळ आहेत, हा योगायोग कसा?

सागरगोटा | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

@ड्रिलबिट, ही मांडणी गंभीरपणे घेतली गेली, म्हणूनच ती तपासायला जहाज पाठवलं. २००५ मध्ये आयर्लंडच्या नैऋत्येला चॅलेंजर माऊंड नावाची प्रवाळटेकडी जॉयडिस रेझोल्यूशन या जहाजावरून आरपार छेदली. १५५ मीटर जाडीची टेकडी, वरपासून खालपर्यंत प्रवाळाचे तुकडे आणि गाळ. वायूवर पोसली गेल्याची खूण मिळाली नाही. तळाशी झिजलेला कठीण थर होता, त्यावर सुमारे २६ लाख वर्षांपूर्वी प्रवाळ बसायला लागले. उत्तर गोलार्धातल्या मोठ्या हिमयुगांची सुरुवात झाली तोच हा काळ, आणि त्याबरोबर समुद्राचे प्रवाहही बदलले.

मध्ये लाखो वर्षांचे खंडही पडलेत. प्रवाह मंदावला की वाढ थांबे, परत सुरू झाला की त्याच टेकडीवर नवी पिढी बसे.

ड्रिलबिट | मंगळवार, रात्री ८:०५

मान्य. एका टेकडीवरून सगळ्यांचा निवाडा करणार नाही, पण गाभाच काढून बघितला म्हटल्यावर माझं म्हणणं सैल करतो. काही ठिकाणी झिरपलेल्या वायूमुळे तळावर चुनखडीचे कठीण पापुद्रे तयार होतात आणि प्रवाळ त्यावर बसतात, एवढा संबंध तरी धरायला हरकत नसावी?

सागरगोटा | मंगळवार, रात्री ८:२०

तेवढा नक्की. मेक्सिकोच्या आखातात तसं दिसतं. अन्न म्हणून नाही, पण बसायला पाट म्हणून.

आणि पाटाचंच म्हणाल तर तुमच्या क्षेत्रानेही दिला आहे. उत्तर समुद्रातल्या तेलफलाटांच्या खांबांवर लोफेलिया वाढलेला सापडला. खांब कधी उभारला ते माहीत असल्यामुळे वाढीचा वेग थेट मोजता आला.

केळीचं_पान | मंगळवार, रात्री ९:३०

मंगळसूत्रातलं पोवळं यातलंच का? माझ्या आजीच्या माळेत दोन लाल पोवळी आहेत. पंजीकडून आलेली.

उत्तरेकडची_अवनी | मंगळवार, रात्री ११:१०

@केळीचं_पान, ते वेगळं. दागिन्यातलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, कोरॅलियम रुब्रम. तेही उन्हाशिवाय जगतं, खडकांच्या सावलीत, गुहांत. पण ते एकेकटं छोटं झाड असतं, त्याची भिंत होत नाही. इटलीत नेपल्सजवळ तोर्रे देल ग्रेको गावात पिढ्यान्‌पिढ्या पोवळी घडवतात. तिथून व्यापाऱ्यांच्या हातून ती हिंदुस्थानात येत. आजीची माळ जपून ठेवा. ते झाड वर्षाला मिलिमीटरच्या अंशाने जाड होतं, म्हणजे एका मण्यात कित्येक दशकं असतात.

नक्षत्रमाला | मंगळवार, रात्री ११:४०

मंगळासाठी पोवळं कोणत्या बोटात घालावं यावर...

चहाटपरी | मंगळवार, रात्री ११:४५

ताई, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिला येईन. इथे बाईंना शुक्रवारी तास घ्यायचा आहे.

गावठाण | बुधवार, सकाळी ९:००

या भिंतींत एक किडाही राहतो ना? वाचल्याचं आठवतं.

सागरगोटा | बुधवार, सकाळी ९:४०

हो, युनिस नॉर्वेजिका. वीतभर लांबीचा समुद्री किडा, जबडे भक्कम. तो फांद्यांमधून चर्मपत्रासारखी नळी विणतो आणि प्रवाळ त्या नळीवर चुना चढवतो. त्यामुळे सुट्या झुडपांना जोड मिळतो. मत्स्यालयात तर हा किडा प्रवाळाचे तुकडे ओढून एकत्र आणताना दिसला आहे. प्रवाळाच्या तोंडचा घास तो अधूनमधून पळवतो, पण परक्याला आत येऊ देत नाही.

गावठाण | बुधवार, सकाळी ९:५५

म्हणजे भाडं न देणारा, पण रात्री गस्त घालणारा आणि भिंतीची डागडुजी करणारा भाडेकरू. आमच्या चाळीत असे एक काका होते. मालकाने त्यांना कधीच काढलं नाही.

पाऊसपाणी_ग्लासगो | बुधवार, दुपारी ३:३०

स्कॉटलंडमधून. अन्न खाली कसं पोचतं याचं सगळ्यात सुरेख उदाहरण इथे आहे. हेब्रिडीज बेटांजवळ मिंगुले नावाची प्रवाळभिंत आहे, दीडशे मीटरच्या आसपास खोल. तिथे भरती-ओहोटीचं पाणी उंचवट्यावरून घसरत खाली येतं. वरचं, प्लवकांनी भरलेलं पाणी तासाभराच्या आत भिंतीपर्यंत पोचतं, रोज, ठरल्या वेळी. एरवी कण संथपणे पडत यायला कितीतरी दिवस लागतात आणि वाटेत इतर जीव त्यातलं बरंच खाऊन टाकतात. मिंगुलेच्या प्रवाळांना ताजं वाढलेलं मिळतं.

पण आमच्याकडची दुसरी गोष्ट दुःखाची आहे. स्कॉटलंडच्या वायव्येला हजार मीटर खोलीवर डार्विन माऊंड्स नावाचे प्रवाळांचे उंचवटे १९९८ मध्ये सापडले. दोनच वर्षांनी परत जाऊन बघितलं तर तळ ओढणाऱ्या जाळ्यांचे चरे. २००३ मध्ये तिथे तळाची मासेमारी तातडीने बंद केली. नॉर्वेचा अंदाज होता की त्यांच्या पाण्यातल्या ३० ते ५० टक्के भिंतींना इजा झाली आहे. सागरगोटांचा ४ मिलिमीटरचा हिशेब आठवा. एका ओढीत मोडलं ते भरून यायला किती हजार वर्षं लागतील?

तांडेलाचा_नातू | बुधवार, संध्याकाळी ५:१०

आजोबा ट्रॉलरवाल्यांशी याच कारणाने भांडायचे. त्यांचा राग मला लहानपणी जाळ्यांपुरता वाटायचा. खडप गेलं की मासा जातो, हे ते ओरडून सांगायचे, ऐकणारं कुणी नव्हतं.

उत्तरेकडची_अवनी | बुधवार, संध्याकाळी ७:००

इथे मात्र कोळ्यांचं ऐकलं गेलं. मासे कमी झाल्याची तक्रार किनाऱ्यावरच्या गळवाल्या कोळ्यांनीच केली होती. १९९९ मध्ये नॉर्वेने प्रवाळांना जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे मोडण्यावर बंदी घातली आणि सूला भिंतीवर तळाची जाळी बंद झाली. @तांडेलाचा_नातू, तुमच्या आजोबांचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

सह्यकडा | बुधवार, रात्री ८:४५

बाईंचा तिसरा प्रश्न राहिला. आपल्याकडे आंग्रिया बँक आहे की! कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. सिंधुदुर्गापासून समुद्रात शंभरएक किलोमीटर. ती खोल समुद्रातली प्रवाळभिंतच झाली.

सागरगोटा | बुधवार, रात्री ९:३०

@सह्यकडा, आंग्रियाचा अभिमान मलाही आहे, पण ती या प्रकारात येत नाही. तो खोल समुद्रातून वर उठलेला पठारासारखा उंचवटा आहे, त्याचा माथा विसेक मीटर पाण्याखाली. माथ्यावर ऊन पोचतं, पाणी स्वच्छ, म्हणून तिथे शैवाल बाळगणारे, उन्हावर जगणारे प्रवाळ आहेत. किनाऱ्यापासून दूर असणं वेगळं आणि खोल असणं वेगळं.

मुंबई-सौराष्ट्रासमोर सर्वेक्षणाच्या नकाशात एक 'पन्नास वाव सपाटी' आहे, म्हणजे ९० मीटरच्या आसपास. तिथे चुनखडीचे कंगोरे उभे आहेत. त्याही भिंतीच, पण हिमयुगाच्या शेवटी समुद्र खूप खाली होता तेव्हा उथळ पाण्यात वाढलेल्या. पाणी चढलं, त्या बुडाल्या. आता ते निर्जीव अवशेष आहेत.

लोफेलियासारखी जिवंत, अंधारातली मोठी भिंत आपल्या किनाऱ्यासमोर नाही, आणि कारण शिकवण्यासारखं आहे. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरच्या खालपर्यंत पाण्यात प्राणवायू अगदी कमी आहे. वर मोसमी वाऱ्यांमुळे प्लवकांचं उदंड पीक येतं. ते मरून खाली जातं, कुजतं, कुजताना प्राणवायू संपवतं. म्हणजे आपल्या समुद्रात अन्न मुबलक, पण जिथे खायला बसायचं तिथे श्वास घेता येत नाही.

पाऊसपाणी_ग्लासगो | बुधवार, रात्री १०:४०

पण अंगोलाजवळ अशाच कमी प्राणवायूच्या पाण्यात लोफेलियाच्या धडधाकट भिंती सापडल्यात. मग आपल्याकडे 'नाही' एवढं ठामपणे कसं म्हणता?

सागरगोटा | बुधवार, रात्री ११:१५

हरकत योग्य आहे. अंगोलात अन्न इतकं भरपूर आहे की प्राणवायूची चणचण ते सोसून नेतात असं दिसतं, आणि भरती-ओहोटीने पाणी वर-खाली होऊन मधूनमधून बरं पाणीही मिळतं. अरबी समुद्राच्या गाभ्यात प्राणवायू त्याहूनही खाली जातो. शिवाय आपला उतार बराचसा मऊ गाळाचा. माझं वाक्य असं सुधारतो: आजवर सापडलेली नाही. मालदीवजवळ मात्र खोल पाण्यात अशा प्रवाळांच्या नोंदी आहेत.

मेपल_आणि_मोगरा | गुरुवार, सकाळी ६:२०

व्हँकुव्हरहून एक भर घालते. इथे प्रवाळांऐवजी काचेच्या स्पंजांनी भिंती बांधल्या आहेत! सांगाडा सिलिकाचा, खिडकीच्या काचेत असते तीच. हेकट सामुद्रधुनीत १९८७ मध्ये त्या सापडल्या. तोवर अशा भिंती डायनासोरांच्या काळाबरोबर संपल्या असं समजत होते, कारण युरोपातल्या खडकांत त्यांचे फक्त जीवाश्म दिसत. इथल्या भिंती नऊ हजार वर्षांच्या आहेत आणि २०१७ पासून संरक्षित.

धागा वाचताना अंगावर काटा आला तो यासाठी, की रीत तीच. हिमनगांनी खरवडलेला दगडी तळ, त्यावर पहिला स्पंज, तो मेला की त्याच्या सांगाड्यावर पुढचा, आणि पोकळीत गाळ. दोन प्राण्यांचं काही नातं नाही, महासागरही वेगळे.

सागरगोटा | गुरुवार, सकाळी ८:१०

@मेपल_आणि_मोगरा, वा! हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बाई, मुलांना दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवा.

ड्रिलबिट | गुरुवार, दुपारी १२:३०

कुणाला वाटत असेल की आता सगळं शोधून झालं, तर अमेरिकेच्या फ्लोरिडापासून कॅरोलिनापर्यंतच्या ब्लेक पठाराचा नकाशा बघा. २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. सोनार यंत्राने, म्हणजे ध्वनिलहरींनी, तळ मोजून ८३,९०८ प्रवाळ उंचवटे मोजलेत. पट्टा सुमारे ५०० किलोमीटर लांब, ११० रुंद. गल्फ स्ट्रीमच्या प्रवाहाखालचा. प्रवाह आणि भिंती यांचं नातं यापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. वायूबद्दलचं माझं मत आता पुरतं बदललं.

पाऊसपाणी_ग्लासगो | गुरुवार, दुपारी ४:००

आणि चुन्याचं? सागरगोटांनी पहिल्याच दिवशी 'चुना बांधता येईल असं पाणी' म्हटलं होतं, ते मागेच राहिलं. धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषतो, पाणी आम्लाकडे झुकतं. जिवंत पॉलिप स्वतःच्या वाटीवर ऊती पांघरून असतो, तो काही काळ तग धरतो. उघडा, मेलेला सांगाडा मात्र हाडं ठिसूळ व्हावीत तसा सच्छिद्र होतो. वर झुडूप पांढरंशुभ्र दिसेल आणि खालचा आधार झिजत असेल. मला या सगळ्यात याचीच जास्त धास्ती वाटते.

भूगोलाच्या_बाई | शुक्रवार, संध्याकाळी ६:५०

तास झाला. सांगते.

वर्गात न बसता मुलांना शाळेमागच्या व्हाळावर नेलं. परवाच्या सरीमुळे पाणी वाहत होतं, थोडं गढूळ. चार गट केले. प्रत्येकाने करवंदीच्या वाळक्या काटेरी फांद्या आणल्या आणि व्हाळात रोवल्या. एका गटाने वाळूत रोवल्या, त्या लगेच वाहून गेल्या. बाकीच्यांनी दगडांच्या खाचेत घट्ट बसवल्या, त्या राहिल्या. 'बसायला कठीण जागा' मला सांगावंच लागलं नाही. अर्ध्या तासात फांद्यांच्या मागे बोटभर गाळ साचला. मुलं पाण्यात हात घालून तो चाचपत होती. एका मुलीने स्वतःहून दाखवलं की पानं-कचरा फांदीच्या पुढच्या बाजूला अडकतोय, मागे नाही. त्रेनाच्या शेपट्यांचं चित्र मी तेव्हा पिशवीतून काढलं.

नंतर वर्गात भागाकार केला. चार मिलिमीटर पट्टीवर दाखवल्यावर वर्ग गप्प झाला.

फळ्यावरच्या जुन्या अटी मी पुसल्या नाहीत. वर एक ओळ लिहिली: 'उन्हावर जगणाऱ्या प्रवाळांसाठी'. शेजारी दुसरा रकाना केला.

फोन घेऊन आलेल्या त्या मुलाने शेवटी विचारलं: खालचा सगळा भाग मेलेलाच असेल, तर तो काढून घेतला आणि वरचा जिवंत तुकडा दुसरीकडे दगडावर ठेवला, तर तो जगेल का? मी परत तेच म्हटलं, विचारून सांगते.

उत्तरेकडची_अवनी | शुक्रवार, रात्री ८:३०

बाई, व्हाळाचे फोटो टाका ना. मला इथे बसून बघायचेत.

सागरगोटा | शुक्रवार, रात्री ९:०५

तुकडा जगतो. मोडलेल्या तुकड्यावर पॉलिप जिवंत असेल आणि प्रवाह मिळाला तर तो वाढतो, भिंत बाजूला पसरते ती अशानेच. स्वीडनमध्ये उजाड झालेल्या जागी जिवंत तुकडे बांधून लावण्याचे प्रयोगही झालेत. पण एकट्या दगडावर तो तळाजवळच्या मंद, गढूळ पाण्यात बसतो. पस्तीस मीटर वरचा ओघ त्याला मिळत नाही. ती उंची खालच्यांनी दिलेली असते, आणि तेराशे जातींना राहायला जी भोकं-पोकळ्या लागतात, त्याही मेलेल्या भागातच असतात.

त्याला सांगा की प्रश्न बरोबर जागी पोचलाय. आणि मामाला विचारा, जहाजावर अजून कुठले व्हिडिओ आहेत.

तांडेलाचा_नातू | शुक्रवार, रात्री ९:४०

बाई, मी पुढच्या महिन्यात मालवणला येतोय. आजोबांची एक वही आहे, त्यात खडपांच्या खुणा लिहिल्यात: किती वाव, कुठला डोंगर कुठल्या देवळाच्या रेषेत आला की गळ टाकायचा. मुलांना दाखवायला आणू का?

भूगोलाच्या_बाई | शुक्रवार, रात्री ९:५२

आणा. शनिवार सोयीचा पडेल, सकाळची शाळा असते. फोटो उद्या टाकते, अवनी.